दांडीचा नाद

९ जून

वहिनींना,

नमस्कार लिहिला आहे असं समजा आणि पुढे वाचा. फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं व्हायच्या आत स्वतःचं सुरू करता. कागदावर निदान एकीचं संपल्याशिवाय दुसरीला बोलता येत नाही.

विषय तुमची लेक. ठकीला मी माझ्या हाताखाली घेतलं ते भाची म्हणून नव्हे. तिची नजर चांगली होती म्हणून घेतलं. वेधशाळेत सगळे मला बाई म्हणतात, तिनेही बाईच म्हणायचं, असं पहिल्या दिवशी ठरलं आणि ते तिने पाळलं. दीर्घिकांमधल्या धुळीवर प्रबंध लिहायचा, हेही ठरलं होतं. ते पाळलेलं नाही. धूळ आहे तिथेच पडून आहे.

गेले काही महिने तिला दांडीचा नाद लागला आहे. समजावलं, रागावले, दुसरी कामं गळ्यात मारली. काडीचा उपयोग नाही. परवा सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बाई, तुम्ही काहीही म्हणा, मी ही दांडी सोडणार नाही." माझ्या खोलीत, माझ्या टेबलासमोर उभी राहून!

तुम्ही आई आहात. शिवाय लोकांना गाडी शिकवता, म्हणजे रस्ता सोडून जाणाऱ्यावर ओरडायची तुम्हाला सवय आहे. त्या सवयीचा घरच्यांना एकदा तरी फायदा होऊ दे.

तुमची नणंद


१७ जून

वन्सं,

आज्ञेप्रमाणे लेकीची सणसणीत कानउघाडणी केली. म्हटलं, "कामाला दांडी मारतेस? आत्याने शब्द टाकला म्हणून जागा मिळाली, तिची तरी लाज ठेव." तिने विचारलं, "आत्या असं म्हणाली?" मी म्हटलं, "म्हणाली नाही, लिहून पाठवलंय." तिने फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही.

तुमचं काम झालं, आता माझं ऐका. पोरगी दांडी मारते याचं मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. बंद खोलीत बसून पडद्यावरच्या पिवळट डागांकडे दिवसभर बघत राहायचं, याला धडधाकट माणूस किती दिवस टिकणार? माझ्याकडे माणूस येतो तेव्हा त्याला क्लच कुठे नि ब्रेक कुठे कळत नसतं, जातो तेव्हा बायकामुलांना गाडीत घालून फिरायला जातो. तुमच्याकडे कोणी आलं तर जाताना काय घेऊन जातं? चष्मा!

आणि लाज काढायचीच तर तुमच्या माहेरची काढा. शाळा बुडवून नदीवर पोहायला कोण जायचं, हे तुमच्या बंधुराजांनी मला लग्नानंतर महिन्याभरात सांगितलं होतं. ते एकटे जायचे असंही म्हणाले नव्हते. आत्ता विचारलं, तर "तुमच्या दोघींच्या मध्ये मला घेऊ नका" म्हणून गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्या सकाळीच भिजवल्या होत्या.

वहिनी


२५ जून

वहिनी,

धन्य आहे तुमची. कोपरापासून नमस्कार.

मी दांडीचा नाद लिहिलं. दांडी मारण्याचा नाद लिहिलं नव्हतं. उलट ती मुलगी सुट्टीच्या दिवशीसुद्धा इथे येऊन बसते, तीच तर तक्रार आहे. आता मलाच शिकवणी घ्यावी लागणार, तर घेते.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा घोळका. त्यातल्या बऱ्याच चकतीसारख्या चपट्या असतात आणि त्यांना वळत गेलेल्या भुजा असतात. काहींच्या भुजा थेट मध्यापासून निघतात. काहींच्या मध्यातून ताऱ्यांचा एक सरळ पट्टा आरपार जातो आणि भुजा त्याच्या दोन टोकांना फुटतात. त्या पट्ट्याला आम्ही आमच्यात दांडी म्हणतो. छापताना दंडयुक्त सर्पिल दीर्घिका असं लिहितात; ते म्हणून होईपर्यंत समोरच्याचा चहा गार होतो.

जवळपासच्या दीर्घिकांत दांड्या पुष्कळ सापडतात, त्यात काही विशेष नाही. ठकीने जी धरून ठेवली आहे ती भयंकर दूर आहे. तिचा उजेड निघाला तेव्हा विश्व पोरवयात होतं, आजच्या वयाच्या जेमतेम सातव्या हिश्शाचं. त्या काळातल्या दीर्घिका म्हणजे नुसता धिंगाणा. वायू उसळतोय, एक दुसरीवर आदळतेय. दांडी जमायला चकती शांत लागते, तिला निवांत फिरायला वेळ लागतो. तेव्हा तिथे दांडी असूच शकत नाही. हे मी मनचं सांगत नाही, पुस्तकात आहे. ठकीला मात्र एका धुरकट ठिपक्यात दांडी दिसते, आणि त्यावर तिला लेख छापायचा आहे.

तुमच्या कानउघाडणीचा परिणाम कळवते. ती गेल्या आठवड्यापासून आलेली नाही. टेबल आवरून, किल्ली शिपायाकडे देऊन गेली आहे. म्हणजे आता तुमच्या अर्थाने दांडी. अभिनंदन.

नणंद


६ जुलै

वन्सं,

ठकी इथे आहे. एक बॅग, एक संगणक आणि पंधरवडाभर न धुतलेले केस घेऊन दारात उभी राहिली. दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी जेवताना तोंड उघडलं, आणि मग भाजी गार झाली तरी थांबली नाही.

दांडीचा गोंधळ मी केला, मान्य. तिची माफीही मागितली. पण तुम्ही काय केलंत? पुस्तकात आहे म्हणालात. पुस्तक कोणाचं, तेवढं लिहायला विसरलात. तिथे आल्यावर शाई संपली का?

पुस्तक तुमचं. अमुक अंतरापलीकडे दांडी असलेली दीर्घिका सापडणार नाही, हे तुम्ही सांगितलंत. त्या अंतराला तुमच्या जगात सगळे "बाईंची रेघ" म्हणतात, तेही ठकीनेच सांगितलं. आणि पोरीची दीर्घिका त्या रेघेच्या पार पलीकडे बसलेली आहे. एवढी साधी गोष्ट तुम्ही दोन पत्रांत लपवलीत, आणि वर मला शिकवणी!

माझ्या शिकाऊ गाडीत माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. नवा माणूस घाबरून भलतीकडे घुसला तर दाबायला. पहिल्या वर्षी मी तो उगाच दाबायची. माणूस बरोबर चालवत असायचा, मलाच धीर नसायचा. गाडी बंद पडली की तो बिचारा म्हणायचा, "मला नाही हो जमत." तुम्ही ब्रेकवर पाय रोवून बसला आहात, वन्सं, आणि पोरीला सांगताय की तुझी गाडीच चालत नाही. तिला ते खरं वाटायला लागलंय. काल एका विमा कंपनीच्या नोकरीचा अर्ज भरत होती. म्हणाली, "आई, माझी नजरच खोटी असेल तर तिथे जाऊन करू काय?"

तेव्हा एक तर तिचं चूक आहे हे कारण देऊन सांगा, नाहीतर पाय काढा. असू शकत नाही हे कारण नव्हे. असू शकत नाही असं तर माझी सासूही म्हणायची, बाईमाणसाने गाडी शिकवायची म्हटल्यावर.

वहिनी


१४ जुलै

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं. इतका आवाज करणारा कागद मी पहिल्यांदाच पाहिला.

कारणं हवीत? घ्या. तिलाही वाचून दाखवा. ताटली तिरकी धरली की ती लांबट दिसते. ठकीची दीर्घिका नुसती तिरकी नसेल कशावरून? दुसरं, दोन दीर्घिका एकीमागे एक आल्या तर दोन ठिपके मिळून पट्टा वाटतो. असे पट्टे मी डझनावारी फेकून दिले आहेत. आणि खरी दांडी असली तर ती नुसती शोभेला नसते, ती वायूला आपल्या अंगावरून ओढून मध्याकडे नेते. तो ओघ मोजता आला पाहिजे. वेग कुठे आहेत? नुसतं चित्र बघून दांडी म्हणायला हा काय मुलांचा ढगात हत्ती बघायचा खेळ आहे?

ती रेघ मी हवेत काढलेली नाही. त्या वेळी मिळत होती तेवढी सगळी चित्रं मी एकेक करून पाहिली. मला कोणी मदतनीस नव्हता, भाची तर नव्हतीच नव्हती. लोक हसले, मग गप्प झाले, मग पुस्तकात घालू लागले. माझ्या निवृत्तीला संस्था जो ग्रंथ काढते आहे त्याच्या मुखपृष्ठावरही ती रेघ आहे. माझं सगळं आयुष्य त्या एका रेघेत गेलं, वहिनी. ते वाया गेलं असं मला कोणी एका डागाकडे बोट दाखवून सांगावं, हे मी ऐकून घेणार नाही. मग ती भाची असो नाहीतर आणखी कोणी.

आणि तिला हेही सांगा. आत्याचं चुकलं असं वाटत असेल तर आत्याच्या टेबलावर मूठ आपटायची असते. आईच्या मागे लपून विम्याचे अर्ज भरणारीने विमाच विकावा.

नणंद


२८ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र वाचून दाखवायचं नाही असं मी ठरवलं होतं. शेवटचा परिच्छेद वाचून माझंच डोकं फिरलं होतं. पण ठकीने ते माझ्या हातातून ओढून घेतलं, उभ्यानेच वाचलं, आणि हसली! घरी आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "आई, तिने कारणं दिली. आतापर्यंत नुसतं नाही म्हणत होती." तुमच्या घराण्यात कोणाला कशाने बरं वाटेल याचा नेम नाही.

तेव्हापासून माझ्या जेवणाच्या टेबलावर जेवण होत नाही. आम्ही तिघं मांडीवर ताटं घेतो. तिची उत्तरं सोबत बांधून पाठवली आहेत, तुमच्या भाषेतली. मला तिने माझ्या भाषेत सांगितली ती अशी.

दीर्घिका तिरकी असती तर बाहेरूनही लांबट दिसली असती. बाहेरून ती जवळजवळ गोल आहे. सारख्या उजेडाचे बिंदू जोडून रेषा काढल्या की फक्त मधल्या भागात त्या लांबट होतात, सगळ्या एकाच दिशेला, आणि पट्टा संपतो तिथे एकदम परत गोल होतात. दोन ठिपके असते तर एवढे शहाण्यासारखे एका ओळीत वागले नसते. आणि वेग. वायूचे वेग तिने दुसऱ्या दुर्बिणीवाल्यांकडून मागवले, मोजले आणि मे महिन्यातच तुम्हाला पाठवले. ती फाईल तुम्ही उघडलेलीसुद्धा नाही. वेग कुठे आहेत म्हणून विचारता? तुमच्याकडे आहेत!

मी विचारलं, "मग आत्याला एवढी वर्षं दांडी दिसली कशी नाही?" तर तुमची बाजू घेऊन भांडायला लागली. म्हणे दांडीतले तारे म्हातारे, तांबूस. इतक्या लांबून येताना त्यांचा उजेड ताणला जातो, पार डोळ्यांना न दिसण्याइतका. तुमच्या वेळच्या कॅमेऱ्याला तो पकडता येत नव्हता. त्याला दिसायचे ते नव्या ताऱ्यांचे विस्कटलेले पुंजके. "चूक आत्याची नाही, कॅमेऱ्याची." माझ्याकडेही खांबाला गाडी घासली की सगळे गियरला शिव्या देतात. पण तिने ते असं काही सांगितलं की मलाही पटलं.

आणखी एक. तिच्या मैत्रिणीचा निरोप आला, दुसऱ्या एका संस्थेतली टोळी अशाच एका दीर्घिकेवर काम करते आहे. त्यांचं आधी छापून आलं तर ठकीचं काम म्हणजे नुसती री ओढणं होईल. ती हे तुम्हाला लिहिणार नाही. मान मोडली तरी वाकणार नाही, तुमच्यासारखीच. म्हणून मी लिहिते आहे. फाईल उघडा.

वहिनी


२ सप्टेंबर

वहिनी,

ठकीने धाडलेला लेख काल छापण्यासाठी पाठवला. ठकीची भाषा चार ठिकाणी लंगडत होती, ती सरळ केली. बाकी अक्षराला हात लावलेला नाही.

लेखक म्हणून एकटं तिचंच नाव आहे. माझं काढून टाकलं आहे.

नणंद


९ सप्टेंबर

वन्सं,

महिनाभर तोंड बंद, आणि मग हे! मला वाटलं होतं तुम्ही रागीट आहात. तुम्ही कोत्या मनाच्या आहात हे आज कळलं.

तुमच्या धंद्यातलं मला काही कळत नाही, पण एवढं ठकीने सांगितलं. शिकणाऱ्याच्या लेखावर शिकवणाऱ्याचं नाव असतंच. ते नसलं की लोक समजतात, शिकवणाऱ्याने हात झटकले, या कामात कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणजे लेख पाठवायचा, आणि पाठवतानाच सगळ्या जगाला डोळा मारून सांगायचं की माझा काही संबंध नाही बरं का! त्यापेक्षा ब्रेकवर पाय होता तो बरा होता.

तुमची चिठ्ठी वाचून ती खाली जाऊन माझ्या गाडीत बसली, काचा वर करून. माझा शिकाऊ माणूस ताटकळत उभा होता, त्याला मी परत पाठवलं. दोन महिने राबली, वन्सं. टेबलावर डोकं टेकून झोपायची. तुमच्यासाठी! जगासाठी नाही, दुसऱ्या टोळीच्या आधी छापावं म्हणूनही नाही. "आत्याला पटेल ना?" एवढंच विचारायची. आणि तुम्ही तिच्या शेजारी नाव लावायला लाजलात.

आता या घरात तुमचा विषय निघणार नाही. तुमचे बंधुराज आज कुंड्यांकडे गेले नाहीत. त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "हे तिने बरं केलं नाही."

वहिनी


१८ सप्टेंबर

वहिनी,

दादाने बोलायला तोंड उघडलं, म्हणजे प्रकरण फारच वाढलं. म्हणून खुलासा करते. एकदाच करीन.

आमच्या धंद्यात लेखावर दोन नावं असली की लोक त्यातलं मोठंच वाचतात. ठकी आणि मी, असं छापलं असतं तर काय झालं असतं सांगू? "बाईंनी उतारवयात स्वतःच्या हाताने स्वतःची रेघ पुसली, केवढं मोठं मन!" टाळ्या, भाषणं, आणखी एक ग्रंथ. ठकी कोण, हे कोणी विचारलंही नसतं. फार तर बाईंची भाची, बाईंनी हाताला धरून चालवली. दांडी तिने पाहिली तेव्हा मी तिला खोलीतून हाकलत होते. ती दांडी माझी कशी होईल? तुम्ही मला कोती म्हणा, रागीट म्हणा, दोन्ही मी आहे. चोर नाही.

लोक म्हणतील हात झटकले. म्हणू देत. लेख ज्यांनी तपासायचा ते मूर्ख नाहीत. वेग पाहतील आणि गप्प बसतील.

हो, फाईल उघडली. तुमचं पत्र आल्यावर, त्याआधी नाही. मे महिन्यात का उघडली नाही हे तुम्हाला ठाऊक आहे आणि ते मी लिहून देणार नाही. ऑगस्टभर मी ती दांडी मोडायचा प्रयत्न करत होते. तिच्या आकड्यांनी पाहिलं, माझ्या जुन्या रीतीने पाहिलं, चित्र दुसऱ्याकडून नव्याने तयार करून घेऊन पाहिलं. मोडली नाही. मला ती अजून आवडत नाही. पण आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून रेघ काढायला सांगितली. संपादक म्हणाला, "मग बाई, आता तिथे काय छापू?" म्हटलं, "कोरं ठेवा, तेवढंच लोक काळजीपूर्वक वाचतील."

नोव्हेंबरच्या परिषदेत तिला बोलावतील. मी पहिल्या रांगेत असेन. तिच्या दीर्घिकेच्या एका भुजेच्या टोकाला एक तेजस्वी गाठ आहे आणि ती तिथे कशी आली याबद्दल लेखात चकार शब्द नाही. मी तेच विचारणार. हे तिला सांगायचं नाही. हे पत्रही दाखवायचं नाही.

नणंद


२७ सप्टेंबर

वन्सं,

पत्र दाखवलं. तुम्ही नको म्हणालात म्हणजे दाखवायचंच असतं, एवढं इतक्या वर्षांत मला कळायला लागलं आहे. फक्त गाठीची ओळ बोटाखाली झाकून धरली. मी तोंडाळ आहे, फितूर नाही.

तुम्हाला कोती म्हटलं ते परत घेते. रागीट तसंच राहू दे.

ठकीने दोनदा वाचलं. "चोर नाही" पाशी आली तेव्हा तिचे डोळे भरले, मग मला म्हणाली, "बघ, कागदावरसुद्धा ओरडते." विम्याच्या माणसाचा फोन आला होता, त्याला तिने नम्रपणे नाही म्हटलं. माझ्याशी ती इतक्या नम्रपणे कधी बोललेली नाही.

मी विचारलं, "समोर आत्या बसणार, प्रश्न विचारणार. भीती नाही वाटत?" टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाली, "प्रश्नाची नाही वाटत. माझं बोलून झालं आणि ती नुसती हसली, छान म्हणाली, लोकांबरोबर टाळ्या वाजवल्या, तर वाटेल. मग मला कळेल की आत्या आता म्हातारी झाली आणि मी एकटी पडले. तिला लिही, आई. हसू नकोस म्हणावं. भांड."

तुमची वहिनी